रानातली सुरी कशी पारखावी

श्रोतेहो, सुरीचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच जागा येतात. एक स्वयंपाकघर आणि दुसरी पोलीस चौकी. परंतु सुरीला तिसरेही एक स्थान आहे, आणि ते म्हणजे रान. सह्याद्रीच्या गडकोटांवर, आंबोलीच्या घाटात किंवा सातपुड्याच्या डोंगरांत पाठीवर पिशवी टाकून चार-चार दिवस हिंडणारी तरुण मंडळी आज गावोगाव आढळतात. आपल्याजवळ एक चांगली सुरी असावी असे त्यांतील पुष्कळांना वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे. मात्र दुकानात गेल्यावर ही मंडळी बहुधा नको तीच सुरी घेऊन परत येतात. पाते दीड वीत लांब, पाठीवर करवतीचे दात, रंग काळाकुट्ट, आणि मुठीच्या टोकाला होकायंत्र! पहिल्याच मुक्कामाला असे दिसून येते की, हिने धड कांदा चिरला जात नाही, की तंबूची खुंटीही तासली जात नाही. मध्यम आकाराची, न मिटणारी सुरी रानात नेण्यासाठी कशी पारखावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. शस्त्र वेगळे आणि अवजार वेगळे. शस्त्राची निवड करताना माणूस प्रतिपक्षाकडे पाहतो. अवजाराची निवड करताना त्याने कामाकडे पाहावयाचे असते. रानात नेण्याची सुरी हे निखालस अवजार आहे. वाघ-अस्वलाशी झुंजण्याचे प्रसंग कथांतून येतात, प्रत्यक्षात येते ते दोर कापण्याचे काम. तंबूच्या खुंट्या करणे, ओल्या लाकडाची साल काढून आतला कोरडा गाभा मोकळा करणे, विस्तव पेटवण्यासाठी बारीक ढलप्या काढणे, मनगटाएवढे लाकूड उभे फोडणे, भाजी चिरणे, एखाद्याचा पाय मुरगळला तर कापडाच्या पट्ट्या फाडून काठीला बेताचा आकार देणे, अशी ही साधी कामे आहेत. परदेशातील पुष्कळ सुऱ्या शिकारीचे कातडे सोलण्याच्या हिशेबाने घडवलेल्या असतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातलेली असल्यामुळे त्या गुणाचा आपल्याला उपयोग नाही. आपली सुरी लाकूड, दोर आणि अन्न ह्या तिघांसाठी आहे, एवढे मनाशी धरले की अर्धी निवड झालीच म्हणून समजावे.

आता कोणी विचारील की, खिशातला मिटता चाकू काय वाईट आहे? वाईट मुळीच नाही. फळ कापावयास, पेन्सिल तासावयास तोच बरा. परंतु मिटत्या चाकूचे सारे बळ एका बारीक खिळीवर उभे असते. लाकडावर दाब दिला की तो दाब त्या सांध्यावर येतो, सांधा सैल होतो, आणि एखादे वेळी पाते बोटांवर मिटते. चिखल, वाळू, पिठूळ माती ह्या सांध्यात शिरली तर ती काढणे कठीण जाते. न मिटणाऱ्या सुरीला सांधाच नाही, म्हणून तिला हा धोकाही नाही. ओल्या, गारठलेल्या हातानेही ती म्यानातून चटकन काढता येते.

दुसरा प्रश्न असा येईल की, मग कोयता का नको? कोकणातील शेतकरी पाठीमागे कमरेच्या आकडीत कोयती अडकवून दिवसभर वावरतो आणि तिनेच शेकडो कामे उरकतो, हे आपण पाहतोच. झुडूप तोडणे, नारळ सोलणे, कवळ तोडणे ह्या कामांत कोयतीची सर कोणत्याही सुरीला यावयाची नाही. परंतु कोयती झोक देऊन चालवावयाची असते. तिचे वजनच तिचे काम करते. सुरी दाबून आणि ओढून चालवावयाची असते. तिथे काम करते ती धार. ही दोन कामे एकाच पात्याकडून करून घेण्याचा हट्ट धरला म्हणजे दोन्हीही बिघडतात. घरातली विळी पाहा. तिथे पाते स्थिर राहते आणि भाजी हलते, म्हणून चिरणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे असतात. प्रत्येक पात्यामागे असा एक कामाचा विचार असतो, आणि तो ओळखणे हीच पारख होय.

ज्यांचे आयुष्य रानातच गेले त्यांनी ह्या बाबतीत काय ठरवले, ते पाहणे उद्बोधक आहे. युरोपच्या उत्तर टोकाला फिनलंड आणि स्वीडन हे देश आहेत. तेथे हिवाळा दीर्घ, अरण्ये दाट आणि लाकूड हाच संसाराचा आधार. फिनलंडमधील ‘पुक्को’ नावाची सुरी शतकानुशतके तेथील माणसाच्या कमरेला आहे. तिचे पाते साधारण तळहाताच्या रुंदीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे, पाठ सरळ, मूठ बहुधा भूर्जाच्या लाकडाची, आणि मुठीपुढे अडसर असा नसतोच. त्याच प्रदेशाच्या उत्तरेस रेनडियर पाळणारे सामी लोक राहतात. त्यांना फांद्या तोडावयाच्या असतात, हाडे फोडावयाची असतात. म्हणून ते मोठ्या पात्याचा ‘लेउकू’ही बाळगतात, परंतु बारीक कामासाठी छोटी सुरी जोडीला ठेवतातच. म्हणजे मोठ्या पात्याची गरज असलेल्या माणसानेदेखील लहान पाते टाकून दिलेले नाही.

स्वीडनच्या डालार्ना प्रांतात मोरा नावाचे गाव आहे. त्या परिसरात एकोणिसाव्या शतकापासून सुऱ्या बनतात. 1891 साली तेथे निघालेला एक कारखाना पुढे दुसऱ्या एका कारखान्याशी एकत्र होऊन आजही चालू आहे. ह्या मोरा सुरीचे नेहमीच्या वापरातील पाते सुमारे 10 सेंटिमीटर, म्हणजे चार इंचांच्या आसपास लांब आणि अवघे अडीच मिलिमीटर जाड असते. दिसण्यात तिच्यात काही नाही. साधी मूठ, साधे म्यान आणि बेताची किंमत. तरीही सुतारापासून सैनिकापर्यंत सर्व जण ती वापरतात, ह्याचे कारण तिचे पातळ पाते आणि उत्तम धार हेच होय.

अमेरिकेतही अनुभवी माणसांचे मत असेच पडले. जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स नावाचे गृहस्थ ‘नेसमक’ ह्या टोपणनावाने लिहीत. रानातील राहणीवरचे त्यांचे ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक 1884 साली प्रसिद्ध झाले. बाजारात शिकारीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या जाड, अवजड सुऱ्यांचा त्यांना तिटकारा होता. ते स्वतः तीन वस्तू बाळगीत : एक लहान दुधारी कुऱ्हाड, एक पातळ पात्याची म्यानातली सुरी आणि एक मिटता चाकू. तोडण्याचे काम कुऱ्हाडीचे, चिरण्याचे सुरीचे, बारीकसारीक कोरण्याचे चाकूचे. त्यांच्यानंतर होरेस केपहार्ट ह्यांनी 1906 साली ‘कँपिंग अँड वुडक्राफ्ट’ हा ग्रंथ लिहिला. हे गृहस्थ मूळचे ग्रंथपाल. पुढे ते ग्रेट स्मोकी पर्वतात जाऊन राहिले. त्यांनीही चार-साडेचार इंच पात्याची, साध्या लाकडी मुठीची सुरीच पसंत केली.

मग मोठ्या, भीतिदायक सुऱ्यांची आवड आली कोठून? एक कारण युद्ध. 1942 साली अमेरिकेच्या मरीन सैनिकांसाठी सात इंच पात्याची एक सुरी स्वीकारण्यात आली. पुढे ती ‘का-बार’ ह्या नावाने जगभर प्रसिद्ध झाली. ती उत्तमच आहे. पण तिच्याकडून लढाई आणि छावणीतील धसमुसळे काम अशी दोन्ही कामे अपेक्षित होती, म्हणून तिची लांबी वाढली. दुसरे कारण चित्रपट. 1982 साली आलेल्या ‘फर्स्ट ब्लड’ ह्या चित्रपटानंतर पोकळ मुठीच्या, करवती पाठीच्या सुऱ्यांचे पेव फुटले. पोकळ मुठीत काड्या, गळ, दोरा ठेवता येतो खरा. परंतु मूठ पोकळ ठेवावयाची तर पात्याचा मुठीत शिरणारा भाग तोकडा करावा लागतो. कुशल कारागिराने हे जोडकाम केले तर ते टिकते, परंतु स्वस्त नकलांत सुरी नेमकी तिथेच निखळते. पाठीवरच्या दातांनी लाकूड कापले जात नाही, कारण दातांची जाडी पात्याएवढीच असल्यामुळे ते खाचेत अडकून बसतात. उलट पाठीवर अंगठा टेकवावयाची सोय मात्र जाते.

इतक्या विवेचनानंतर लांबीचा आणि जाडीचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. रानात नेण्याच्या मध्यम सुरीचे पाते चार ते पाच इंच असावे. त्याहून आखूड पात्याने लाकूड फोडता येत नाही. त्याहून लांब पात्याचे टोक हातापासून दूर गेल्यामुळे बारीक कामात त्यावर ताबा राहत नाही. पाठीची जाडी तीन ते चार मिलिमीटर पुरे. दुकानदार पाच-सहा मिलिमीटरचे पाते दाखवून ‘तुटणार नाही’ असे सांगतो. ते तुटत नाही हे खरे, पण ते नीट कापतही नाही. जाड पाते ही वस्तुतः पाचर असते. गाजरावर चालवले तर काप पडण्याऐवजी गाजर तडकते. सुरीने दगड उचकटावयाचे नसतील, आणि ते कधीच उचकटू नयेत, तर एवढ्या जाडीचे प्रयोजन नाही.

पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला आपण शेपटी म्हणू. ही शेपटी तीन प्रकारांनी बसवतात. काही सुऱ्यांत ती मुठीएवढीच लांब-रुंद असते आणि तिच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या फळ्या खिळ्यांनी जडवलेल्या असतात. काहींत ती बारीक होत मुठीच्या शेवटापर्यंत जाते. काहींत अर्ध्यातच संपते. पहिला प्रकार सर्वांत दणकट, परंतु वजनदार. आणि थंडीत उघडे लोखंड हाताला लागते. दुसराही पूर्ण भरवशाचा आहे; का-बारची शेपटी अशीच निमुळती असून मुठीवर चामड्याच्या चकत्या ओवलेल्या असतात. तिसरा प्रकार हलक्या कामापुरता चालतो. लाकूड फोडणाराने मात्र पहिल्या दोहोंपैकीच निवडावा. शेपटीची रुंदी दिसते तेवढी महत्त्वाची नाही. पाते आणि शेपटी जेथे मिळतात तो कोपरा काटकोनात कापलेला नसून गोलसर आहे ना, हे पाहावे. कारण तडा जातो तो बहुधा तीक्ष्ण कोपऱ्यातून.

आता पोलादाकडे वळू. ह्या विषयात आपला देश एके काळी जगाचा गुरू होता. दक्षिण भारतात मुशीत बंद करून तयार केलेले ‘उक्कू’ पोलाद अरब आणि इराणी व्यापारी दूरदूर नेत. इंग्रजांनी त्याचेच ‘वूट्झ’ केले. हैदराबादच्या उत्तरेस, आजच्या तेलंगणातील कोनसमुद्रम हे गाव त्या धंद्याचे एक नामांकित केंद्र होते. मायकेल फॅरडे ह्यांच्यासारख्या शास्त्रज्ञानेही 1820 च्या सुमारास ह्या पोलादाचे गूढ उकलण्यासाठी प्रयोग केले. हे गूढ बव्हंशी कर्बाच्या प्रमाणात होते. शुद्ध लोखंड मऊ असते. त्यात शेकड्याला अर्धा ते एक भाग कर्ब मिसळला की ते कठीण धार धरू शकणारे पोलाद होते.

आज बाजारात सुरीचे पोलाद ढोबळमानाने दोन जातींचे मिळते : साधे कर्बयुक्त आणि न गंजणारे. न गंजणाऱ्या पोलादाचा शोध 1913 साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली ह्यांना लागला. त्यात शेकडा साडेदहापेक्षा अधिक क्रोमियम असते आणि त्याचा अदृश्य पापुद्रा लोखंडाला हवेपासून झाकतो. साधे पोलाद चिवट असते, दगडावर सहज पाजवता येते आणि त्याच्या पाठीवर गारगोटी घासली तर ठिणग्या पडतात. परंतु ते गंजते. घरच्या जुन्या विळीवर कैरी किंवा लिंबू चिरले की काळसर डाग पडतो, तसाच तो ह्या सुरीवर पडतो. त्या डागाला भिण्याचे कारण नाही. हळूहळू सर्व पात्यावर निळसर-काळी छटा चढते आणि ती तांबड्या गंजाला थोडाफार आळाच घालते.

ह्या दोहोंतील निवड आपण राहतो त्या हवेवर करावी, असे मला वाटते. गोव्यात, कोकणात, खानापूर-आंबोलीच्या पावसात चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे समुद्राच्या खारट वाऱ्यात साधे पोलाद रोज निगा मागते. ज्याला ती जमणार नाही त्याने न गंजणारे पोलाद घ्यावे. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादकडे वर्षाचे बरेच महिने हवा कोरडी असते. तिथे साधे पोलाद सुखाने नांदते. पोलादाच्या नावापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्याला दिलेले ‘पाणी’. कारागीर पाते सुमारे आठशे अंश सेल्सिअसपर्यंत लाल करतो; त्या सुमारास तापलेल्या पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते, ही त्याची जुनी खूण. मग ते तेलात बुडवतो. असे पाते काचेसारखे कठीण, पण काचेसारखेच ठिसूळ होते. म्हणून त्याला पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास मंद शेक देतात. उजळलेल्या पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग आला की कडकपणा आणि चिवटपणा ह्यांचा मेळ बसला. पोलाद उंची पण पाणी चुकलेले, अशा सुरीपेक्षा पोलाद साधे पण पाणी अचूक, अशी सुरी केव्हाही श्रेष्ठ.

ह्याच कारणासाठी ओळखीच्या, कसबी लोहाराकडून सुरी घडवून घेण्यात काही कमीपणा नाही. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद ह्या कामाला उत्तम असते. त्यात कर्ब शेकडा सहा दशांशाच्या आसपास असतो आणि वाकून पूर्ववत होण्याचा गुण मूळचाच असतो. लोहाराला मात्र लांबी-जाडी मोजून, पुठ्ठ्यावर आकृती काढून द्यावी. नाहीतर तो सवयीने कोयत्याच्या जाडीचे पाते घडवील. काम झाल्यावर धारेवरून नवी बारीक कानस हलकेच फिरवून पाहावी. कानस लोखंड खरवडू लागली तर पाणी कमी पडले. ती घसरत गेली तर धार कठीण झाली आहे असे समजावे.

पात्याचा छेद हा पुढचा मुद्दा. उत्तरेकडील सुऱ्यांत पात्याच्या निम्म्या उंचीवर एक उतार सुरू होतो आणि तो सरळ धारेला जाऊन मिळतो. हा उतारच दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप साधतो, म्हणून नवशिक्याला ती पाजवावयास सर्वांत सोपी. लाकूड तासण्यातही ती तरबेज. दुसऱ्या प्रकारात पाठीपासूनच पाते निमुळते होत जाते आणि अगदी शेवटी धारेचा बारीक उतार असतो. भाजी चिरण्यास आणि सर्वसाधारण कामास हा छेद अधिक सोयीचा. तिसऱ्यात पात्याची दोन्ही अंगे किंचित फुगीर असतात. लाकूड फोडण्यात ही धार टिकून राहते, पण तिला पाजवण्यास सराव लागतो. टोक मात्र कोणत्याही प्रकारात पाठीच्या रेषेपासून हळूच खाली उतरलेले असावे. ते बळकट असते आणि त्यावर ताबा राहतो. वर वळलेले, सुईसारखे टोक दिसते देखणे, पण पहिल्याच गाठीत मोडते.

मुठीची परीक्षा डोळ्यांनी करू नये, हातानेच करावी. सुरी मुठीत घट्ट धरून दोन-चार मिनिटे लाकूड तासल्याचा अभिनय करावा. बोटांसाठी कोरलेल्या खाचा दुकानात सुखद वाटतात. पण त्या दुसऱ्या कोणाच्या तरी बोटांच्या मापाच्या असतात, आणि पकड बदलली की फोड आणतात. साधी, मध्ये किंचित फुगलेली, अंडाकृती छेदाची मूठ सर्व हातांना मानवते. अंडाकृती अशासाठी की, अंधारातही धार कोणत्या बाजूला आहे ते हाताला कळते. मूठ गुळगुळीत पॉलिशची नसावी. घामाने, तेलाने ती निसटते. पुक्कोला अडसर नसतो, कारण ती वापरणारा लहानपणापासून तरबेज असतो. नवख्या माणसाने मात्र पुढे लहानसा उंचवटा असलेली मूठ घ्यावी, म्हणजे ओला हात पात्यावर घसरणार नाही.

म्यान हा सुरीचाच अर्धा भाग होय. ते उलटे धरून हलवले तरी सुरी पडता कामा नये, आणि एका हाताने मात्र ती निघाली पाहिजे. चामडे दिसावयास सुंदर. परंतु ते ओल धरून ठेवते आणि कमावण्याच्या क्षारांनी पाते गंजते. म्हणून चामड्याचे म्यान प्रवासापुरते वापरावे. घरी सुरी बाहेर, कोरड्या कापडात ठेवावी. पावसाळी प्रदेशात प्लॅस्टिकचे म्यान अधिक व्यवहारी, मात्र त्याच्या तळाला पाणी निथळण्याचे छिद्र असावे.

सुरी विकत घेतली म्हणजे काम संपले असे नाही. बोथट सुरी ही धारदार सुरीपेक्षा अधिक घातक असते. ती लाकडात शिरत नाही, म्हणून माणूस जोर वाढवतो, आणि जोर वाढला की एकाएकी ती घसरते. म्हणून पाजवणे हे शिकावेच लागते. एका बाजूने भरड आणि दुसऱ्या बाजूने बारीक असा दगड आणावा. कोन राखण्याची एक सोपी युक्ती आहे : कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा निम्म्यावर दुमडला की साडेबावीस अंशांचा कोन मिळतो, पाते त्याहून किंचित कमी कोनात दगडावर धरावे. एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला बोटाला जाणवेल अशी बारीक तार उभी राहते. ती धारेच्या पूर्ण लांबीवर आली की बाजू बदलावी, आणि शेवटी न्हावी वस्तरा फिरवतो तसे पाते चामड्याच्या पट्ट्यावर उलटे ओढून ती तार घालवावी. सायकलवर दगड फिरवणाऱ्या धारवाल्याकडे मात्र ही सुरी देऊ नये. ठिणग्या उडतात त्या वेळी पातळ धार तापून निळी पडते आणि लोहाराने घातलेले पाणी क्षणात उतरते. काम झाल्यावर पाते पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा. ते अन्नाला बाधत नाही. ग्वाल्हेरच्या थंडीत थिजले तरी बिघडत नाही.

सुरी चालवताना तीन नियम पाळावेत. पहिला, धारेच्या वाटेवर स्वतःचे किंवा दुसऱ्याचे अंग असू नये. सुरी निसटली तर ती कोठे जाईल, हे प्रत्येक वेळी आधी पाहावे. दुसरा, बसून तासताना दोन्ही मांड्यांच्या मध्ये काम करू नये. मांडीच्या आतल्या अंगाने मोठी रोहिणी जाते. ती कापली गेली तर रानात मदत पोहोचण्यापूर्वीच प्राणावर बेतते. कोपर गुडघ्यावर टेकवून गुडघ्यांच्या पुढे काम करावे. तिसरा, हात लांब करून स्वतःभोवती फिरवावा. त्या कक्षेत कोणी असेल तर सुरी म्यानातच ठेवावी.

आता कायद्याविषयी. शस्त्रविषयक नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांची गणना शस्त्रांत केली आहे; घरगुती आणि शेतीच्या अवजारांना त्यातून वगळले आहे. चार-पाच इंचांची सुरी ह्या मर्यादेच्या पुष्कळ आत असते, परंतु तेवढ्यावर निर्धास्त राहू नये. जमावबंदी आणि निवडणुकीच्या काळात स्थानिक हुकूम निघतात. वन्यजीव कायद्यात तर शस्त्राच्या व्याख्येतच सुरीचे नाव आहे, आणि अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात लेखी पूर्वपरवानगीवाचून शस्त्र नेता येत नाही. म्हणून मोले, भीमगड अशा संरक्षित अरण्यांत जाताना वनखात्याच्या कचेरीत आधी चौकशी करावी. गावातून, आगगाडीतून जाताना सुरी कमरेला न लावता पिशवीच्या तळाशी बांधून ठेवावी. विमानात तर ती हातातल्या सामानात चालतच नाही. आणि परवानगी असली तरी उभ्या झाडाला सुरी लावू नये. पडलेले वाळके लाकूड आपल्या कामाला पुरते.

श्रोतेहो, ‘आवडती सुरी’ असा शब्दप्रयोग आपण सहज करतो, पण आवड दुकानात विकत मिळत नाही. तेथे मिळते ती केवळ योग्य सुरी : चार-पाच इंचांची, पातळ, साध्या मुठीची, आपल्या हवेला मानवेल अशा पोलादाची. ती चार पावसाळे हाताळली, शंभर वेळा दगडावर फिरवली, तिची मूठ आपल्या घामाने काळवंडली, म्हणजे मग ती आवडती होते. निवड कामावरून करावी आणि निगा नेमाने राखावी. मग आवड मागाहून आपल्या पायांनी चालत येते.